मदत हवी आहे : मुंबई ते लंडन, विमानात नक्की किती तास?

नाशिककर :
आई-बाबा जानेवारीत लंडनला जाणार आहेत. तिकिटावर जाताना दुपारी 1:30 ते त्याच संध्याकाळी 6:00, येताना रात्री 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 10:55 असं आहे. 7,200 किमी अंतर आणि ताशी 900 चा वेग धरला तर 8 तास येतात. आईची गोळी दर 12 तासांनी, सकाळी 8 आणि रात्री 8 ला असते. खरा प्रवास किती तासांचा? मधली गोळी कधी द्यायची?

उत्तरवारा :
तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून जाताना साडेचार + साडेपाच = 10 तास. येताना घड्याळात 14 तास 25 मिनिटं दिसतात, त्यातून साडेपाच वजा केले की 8 तास 55 मिनिटं.

तुमचे 8 तास चुकतात ते वाऱ्यामुळे. 30-40 हजार फुटांवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. सरासरी 60 चा वारा समोरून आला तर 900 चे 840 होतात आणि 7,200 किमीला साधारण 8 तास 35 मिनिटं लागतात. तोच पाठीशी असला की साडेसात. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यातच.

वळणवाट :
आणि 7,200 हे सरळ अंतर आहे, विमान तेवढंच कापत नाही. पृथ्वीगोलावर मुंबई-लंडन दोरा ताणून बघा : कराची, इराण, कॅस्पियनचं दक्षिण टोक, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 पासून भारतीय विमान कंपन्यांना बंदी घातली, त्यामुळे त्यांना आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जावं लागतं. म्हणून नुसता भागाकार करू नका, तिकिटावरच्या वेळेतून फरक काढा.

उत्तरवारा :
आता गोळी. आईंच्या हातातलं घड्याळ विमानात भारतीय वेळेवरच राहू द्या. जाताना रात्री 8 ची गोळी विमान सुटल्यावर साडेसहा तासांनी येते. येताना लंडनचे रात्रीचे 8:30 म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे 2. सकाळी 8 ची गोळी उतरायच्या तीन तास आधी. दोन्ही वेळा विमानातच, त्यामुळे गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेतच हव्यात. सामानात अजिबात टाकू नका.

लंडनमध्ये मात्र हेच वेळापत्रक पहाटे 2:30 आणि दुपारी 2:30 ला पडेल. वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा, स्वतः ठरवू नका.

नाशिककर :
मुक्काम एप्रिलपर्यंत लांबला तर?

वळणवाट :
मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे फरक साडेचार तासांचा. तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत राहतो. परतीची तारीख त्यात पडली तर तिकिटावरची वेळ नव्याने बघा आणि साडेचारच वजा करा.