प्रौढ माकडांतील नर-मादी फरक : अवयवांची वजने कशाशी ताडून पाहावीत?

प्रश्न :
ऱ्हिसस माकडांच्या प्रौढ नर-माद्यांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी मी सध्या तपासत आहे. नराचे हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे जड भरतात, हे अपेक्षितच होते. परंतु शरीराच्या वजनाशी टक्केवारी काढली, की मेंदूच्या बाबतीत माद्या पुढे जातात. त्यांचा मेंदू खरोखरच तुलनेने मोठा असतो, की माझ्या हिशेबात चूक आहे?

प्रतिसाद १ :
हिशेबात चूक नाही, पण मेंदूसाठी टक्केवारी हे मापच योग्य नाही. हृदयाचे वजन साधारणपणे शरीराच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तिथे टक्केवारी चालून जाते. मेंदूचे तसे नसते. शरीर दुप्पट झाले तरी मेंदू दुप्पट होत नाही, त्यामुळे लहान चणीच्या प्राण्याची टक्केवारी फुगलेली दिसते, मग तो नर असो वा मादी. दोन्ही वजनांचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढा आणि नर-माद्यांचे बिंदू एकाच रेषेवर पडतात का, ते पाहा; पडले, तर मेंदूतील फरक केवळ शरीराच्या आकारामुळे दिसतो. पिंजऱ्यातील लठ्ठ माकडे असतील, तर वजनाऐवजी मांडीच्या हाडाची लांबी आधाराला घ्यावी, असे माझे ठाम मत आहे, कारण चरबी वाढली म्हणून मेंदू वाढत नाही.

प्रतिसाद २ :
त्याआधी ‘प्रौढ’ कोणाला धरले आहे, हे तपासा. माद्यांच्या हाडांची टोके नरांच्या आधी मुख्य हाडाशी सांधली जातात, म्हणजे हाडांची लांबी वाढणे थांबते, आणि नर त्यानंतरही वाढत राहतो. आकारातील फरकाचा मोठा भाग या जादा काळात पडतो. मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडील टोकाशी वाढीच्या कूर्चेची फट उघडी दिसत असेल, तर तो नर वयात आलेला असला तरी त्याची वाढ पुरी झालेली नसते.

शिवाय सगळा सांगाडा एकाच पटीत मोठा होत नाही. नराचे सुळे शरीराच्या मानाने कितीतरी अधिक लांब असतात, तर श्रोणीत (कमरेच्या हाडांच्या कड्यात) उलट चित्र दिसते : ऱ्हिससच्या पिल्लाचे डोके जन्ममार्गातून जेमतेम निघते, म्हणून लहान शरीराच्या मादीतही तो मार्ग ऐसपैस असावा लागतो. जातीनुसारही फरक आहे. मॅन्ड्रिल जातीच्या माकडांत नराचे वजन मादीच्या दुपटीहून अधिक असते, तर जोडीने राहणाऱ्या टीटी माकडांत नर-मादी जवळपास सारखेच भरतात.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. नोंदींत हाडांच्या क्ष-किरण प्रतिमा आहेत. फट उघडी असलेले नर आधी वेगळे काढतो आणि मगच आलेख मांडतो.