सोसायटी ग्रुप: गिझर लावला की अख्ख्या घराची लाइट जाते

सी-६०३: नमस्कार. या महिन्यातच भाड्याने राहायला आलोय, इथे कोणाचीच ओळख नाही म्हणून ग्रुपवर विचारते. बाथरूमचा गिझर लावला की दोन-तीन मिनिटांत घरातली सगळी लाइट जाते. चांगला वायरमन कोणी सुचवेल का?

डी-३०५: लोड होतोय. एमसीबी मोठा बसवून घ्या, ३२ अँपिअरचा. विषय संपला.

ए-२०१: एमसीबीला अजून हात लावू नका. डीबीचं, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीचं, झाकण उघडून बघा, नेमकं काय पडतं. अरुंद बटणांची ओळ असते ते एमसीबी, लोड जास्त झाला की पडणारे. त्यांच्याआधी दुप्पट रुंदीचं एक असतं आणि त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असतं, ते आरसीसीबी. काही जण त्याला ईएलसीबी म्हणतात. दोघांपैकी कोणतं खाली येतं?

सी-६०३: टेस्ट बटणवालं. त्यावर ३० एमए लिहिलंय.

ए-२०१: मग लोडचा संबंध नाही. आरसीसीबी लोड मोजतच नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअर कमी आला की पाडतो, कारण तेवढा करंट दुसऱ्या वाटेने, म्हणजे अर्थिंगमधून नाहीतर माणसाच्या अंगातून, जातोय. तुमच्याकडे बहुतेक गिझरच्या कॉइलमधून, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागातून, करंट गळतोय.

आता खात्री करायची. गिझरचं बटण बंद करा आणि प्लगही सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून ही चाचणी होत नाही. बहुतेक बटणं फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि खराब कॉइल तिथूनही आरसीसीबी पाडते. प्लग काढल्यावर आरसीसीबी वर करा, बाकी घर नेहमीसारखं वापरा, तासभर बघा. टिकला तर दोष गिझरमध्ये. तरी पडला तर वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणात.

डी-३०५: पण काका, माझ्याकडे एमसीबीच पडायचा, १६चा. तो बदलल्यापासून शांत आहे.

ए-२०१: शांत आहे हीच काळजीची गोष्ट आहे. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो, ३ किलोवॉटचा १३. दोन्ही १६च्या एमसीबीत बसतात. तरी पडत असेल तर त्या लाइनवर आणखी काहीतरी आहे, नाहीतर कुठेतरी शॉर्ट किंवा ढिला जोड आहे. लावल्या लावल्या पडला तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर जास्तीचा लोड, किंवा एमसीबीचाच स्क्रू ढिला होऊन तो तापतोय. एमसीबी वायरला वाचवायला असतो. गिझरला सहसा अडीच स्क्वेअर एमएमची वायर असते. तिच्यावर ३२चा लावला तर वायर आधी वितळेल, एमसीबी नंतर पडेल. १६ किंवा २०चाच लावून घ्या. प्लगची पिन काळी पडलीये का तेही बघा. पडली असेल तर सॉकेटची पकड सैल झालीये, प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. ६ अँपिअरच्या सॉकेटवर तर गिझर चालवूच नका.

बी-१०२: याच विषयात विचारून घेते. आमच्या गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. प्लंबर म्हणाला बूच लावून देतो. लावू का?

बी-५०४: काकू, अजिबात नको! तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरची टाकी २५ वरून ६० अंशांवर गेली की साधारण २०० मिली पाणी जास्तीचं होतं. ते मागे जाऊ शकत नाही, कारण त्याच व्हॉल्व्हमध्ये पाणी उलटं न जाऊ देणारी झडप असते. म्हणून तापताना ठिबकणं बरोबरच आहे. बूच मारलं तर तो दाब टाकीवर येतो. व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी लावून जाळीपर्यंत सोडा, म्हणजे भिंत खराब होणार नाही. नळीचं दुसरं टोक मात्र उघडंच राहिलं पाहिजे.

गिझर बंद, पाणी गार, तरी धार चालूच असेल तर आत क्षार अडकलाय. व्हॉल्व्हची छोटी दांडी चार-पाच वेळा उचलून सोडा, पाण्याबरोबर कचरा निघतो. नाही थांबली तर व्हॉल्व्ह बदला. दुकानात तुमच्या गिझरवर लिहिलेला दाब सांगा, उंच इमारतींसाठी ८ बारचे येतात.

बी-१०२: बरं झालं विचारलं. प्लंबरला नाही सांगते.

ए-४०३: गिझर नाही, पण बाथरूमचंच आहे. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. फिनाइल टाकून कंटाळलो.

बी-५०४: वापर नाही म्हणून. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साचून राहतं, तेच वास अडवतं. ते सुकलं की वाट मोकळी. आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी ओता. गावाला जाणार असाल तर वरून चमचाभर खाद्यतेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. बेसिनखालचा पाइप जमिनीत शिरतो तिथली रबरी रिंगही बघा. आणि ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू होतो.

सी-६०३: काका, प्लग काढून ठेवला, तासाभरात एकदाही पडला नाही. परत लावला, दोन मिनिटांत पडला. गिझर १५ लिटर, २ किलोवॉट. फ्लॅट सहा महिने बंद होता म्हणतात.

ए-२०१: म्हणजे कॉइलच. कॉइलच्या धातूच्या नळीत पांढरी भुकटी ठासलेली असते, तीच करंट अडवते. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने नळीवर क्षाराचा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, नळी जास्त तापून तडकते आणि भुकटी ओली होते. सहा महिने बंद असल्याने नुसती दमटही झाली असेल.

वायरमनला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे करंटची गळती तपासायचं मीटर, घेऊन यायला सांगा. साध्या मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रलमध्ये २६ ओहमच्या जवळ रीडिंग येईल आणि तो म्हणेल कॉइल ठीक आहे. गळती त्यात दिसेलच असं नाही. मेगरवर कॉइल आणि अर्थिंगमध्ये १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर बदला.

सी-६०३: मघाशी फोनवर एक वायरमन म्हणाला, अर्थिंगची वायर काढली की पडायचा थांबेल. खर्चही नाही.

ए-२०१: थांबेल, आणि गिझरची टाकी, नळ, शॉवर सगळ्यांत करंट उतरू शकतो. त्याला घरात घेऊ नका. आरसीसीबी बायपास करतो म्हणणाऱ्यालाही नाही. काम होईपर्यंत प्लग बाहेरच ठेवा.

डी-३०५: कॉइल घासून परत नाही का बसवता येत?

ए-२०१: क्षार निघेल, तडा बुजणार नाही. फक्त दमट असेल तर उन्हात वाळवून रीडिंग सुधारतं, पण एकदा उघडलाच आहे तर नवीनच टाकावी.

बी-५०४: ताई, कॉइलबरोबर रबरी गॅस्केट नवीन घ्या, जुनं परत बसवलं की गळतं. आत मॅग्नेशियमचा रॉडही असतो, तो झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. बोटाएवढा उरला असेल तर तोही बदला. आपल्या पाण्यात दोन वर्षांच्या पुढे फारसा टिकत नाही. तळाचा क्षार हाताने काढायला सांगा. बसवून झाल्यावर आधी पाणी सोडा, गरम पाण्याचा नळ उघडा, त्यातून हवा न फुसफुसता सलग धार आली की मगच प्लग लावा. कोरडी कॉइल काही मिनिटांत जाते.

सी-६०३: खूप आभार सगळ्यांचे. घरमालकांना बिल पाठवायचं ना?

बी-१०२: आधी फोन, मग बिल. गिझरची वॉरंटी बघ गं, टाकीची लांब असते, कॉइलची वेगळी आणि कमी.

ॲडमिन: सी विंग, उद्या टाकीची सफाई, ११ ते २ पाणी बंद. ६०३, वायरमनला दोननंतरच बोलवा, नाहीतर गिझर भरायला पाणी नसेल.