साम्य शून्य, आकडे रचलेले

साहित्यचोरी पकडणारे सॉफ्टवेअर सक्तीचे केले की संशोधनातील गैरप्रकारांना आळा बसेल, हे मत मला अर्धेच पटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लिखाणाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण मनाने रचलेले आकडे स्वतःच्या शब्दांत मांडले, तर साम्य शून्यच दिसणार. अमेरिकेने २००० साली ठरवलेल्या संशोधनातील गैरप्रकारांच्या व्याख्येत साहित्यचोरीच्या जोडीला बनावट नोंदी आणि नोंदींतील फेरफारही येतात, आणि प्रामाणिक चूक मात्र स्पष्टपणे वगळलेली आहे.

पण एखादी चूक प्रामाणिक होती हे ओळखायचे कसे? प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते, की चुकलेला आकडा खोडून झाकायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी तारीख व सही करायची.