विषय: शेवटचं सेमिस्टर, जळगाव एमआयडीसी आणि अप्रेंटिसचा करार

प्रेषक: नाना (मूळ पारोळा)

राम राम मंडळी,
पुतण्या जळगावला बी.ई. मेकॅनिकलच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. एमआयडीसीतला एक पीव्हीसी पाइपचा कारखाना त्याला सहा महिने इंटर्न म्हणून घ्यायला तयार आहे. 'निकालानंतर वर्षभर अप्रेंटिस ठेवू' असंही म्हणतात. दुसरीकडून ऑनलाइन इंटर्नशिपचा मेसेज आलाय: ४,००० रुपये भरा, घरी बसून सर्टिफिकेट घ्या. भावाला इथून परदेशातून काय कळवू?

प्रेषक: ताई (मूळ भुसावळ)

नाना, ४,००० वाल्याचा नंबर ब्लॉक करायला सांगा. शिकणाऱ्याकडून पैसे घेणारी इंटर्नशिप म्हणजे सर्टिफिकेटचं दुकान.

कारखान्याचं बोलू. इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप या दोन गोष्टींची गल्लत करू नका. इंटर्नशिप ही कॉलेजची: तिथे क्रेडिट, गाइडची सही आणि हजेरीचं पत्रक लागतं. अप्रेंटिसशिप ही १९६१ च्या कायद्याखालची: पदवीधर म्हणून ती निकालानंतर, आणि सरकारी पोर्टलवर करार झाला तरच. पदवीधरांचं पोर्टल नॅट्सचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेचं, आपल्या भागाचं मंडळ मुंबईत.

घोळ कुठे होतो सांगते. निकाल लागतो, कारखाना जुनंच 'ट्रेनी' पत्र पुढे चालू ठेवतो, आणि पोरगा समजतो की आपण अप्रेंटिस. वर्षाने कळतं की करारच नाही, म्हणून सरकारी प्रमाणपत्रही नाही. त्यात वर्षभराचा अनुभव झालेला असल्यामुळे आता नॅट्समध्येही घेत नाहीत. दोन्ही दारं बंद. म्हणून निकालानंतर पहिल्याच आठवड्यात एचआरला विचारायचं, 'करार नंबर कधी मिळेल?' ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना नवा नसतो. विचारायला लाजू नये.

विद्यावेतन: २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० रुपये. २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने १२,३०० ची शिफारस केली. शेवटी करारावर छापलेला आकडा खरा. महिन्याचे पैसे पुढच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवेत. किमान रकमेतला निम्मा वाटा सरकारचा, आणि तो थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतो. आता हे 'जोडलेलं' खातं कोणतं? पोराने फॉर्मवर लिहिलेलं नाही. आधारशी शेवटचं मॅप झालेलं! बऱ्याचदा ते शाळेच्या स्कॉलरशिपसाठी गावात उघडलेलं, वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं निघतं. पैसे तिथे जातात नाहीतर परत फिरतात. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' आजच पाहा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून मॅपिंग बदलून घ्या.

नावाचंही तेच. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे. आधारची दुरुस्ती निकालाआधी उरकलेली बरी.

प्रेषक: आबा (मूळ चोपडा)

ताईंनी कागद सांगितले, मी मशीन सांगतो.

नाना, त्याला स्टोअर किंवा डिस्पॅचला बसवू देऊ नका. तिथे सहा महिने मालाची चलनं लिहिण्यात जातात. एक्सट्रूजन लाइनवर (स्क्रूने माल वितळवून ढकलत पाइप काढतात तिथे) निदान तीन महिने आणि क्वालिटी लॅबमध्ये दोन, असं आधीच बोलून घ्या. मे महिन्यात जळगावच्या उन्हात एक्सट्रूडरशेजारी उभं राहायचंय, हेही पोराला आधी सांगा.

पहिलं शिकायचं ते जाडी मोजणं. पाइपचा तुकडा कापून कडेवर आठ खुणा करायच्या आणि प्रत्येक ठिकाणी मोजायचं. मायक्रोमीटर बॉल टोकाचा हवा. आतली बाजू वक्र असते, सपाट टोक दोन कडांवर टेकतं आणि जाडी जास्त दाखवतं. मग कारण शोधायचं. एकच बाजू जाड आली तर डाय (पाइपला आकार देणारा साचा) मध्यावर नाही: आधी समोरच्या, पातळ बाजूचे बोल्ट सैल, मग जाड बाजूचे घट्ट, तेही थोडे थोडे. सगळीकडून सारखीच जाड आली तर हॉल-ऑफ (पाइप पुढे ओढणारं यंत्र) हळू चाललाय. जाडी मिनिटामिनिटाला वरखाली होत असेल तर हॉपरकडे (पावडर ओततात त्या नरसाळ्याकडे) बघा, पावडर अडकत असते. तपकिरी रेघ दिसली म्हणजे माल जळतोय. लाइट जाऊन मशीन थांबलं की बॅरलमधल्या पीव्हीसीचं हेच होतं, आणि त्यातून आम्लाचा वायू सुटतो. डोळे चुरचुरले की मागे सरायचं.

जाडीला एवढं महत्त्व का? समजा लाइन तासाला ३०० किलो काढतेय आणि पाइप ३ टक्के जड जातोय. म्हणजे तासाला ९ किलो, चोवीस तासांच्या दिवसाला २१६ किलो माल फुकट. मालकाची झोप याच हिशोबावर उडते, आणि मुलाखतीतही यावरच विचारतात. प्रोजेक्टचं नाव कोणी विचारत नाही.

त्यासाठी डायरी. रोज एक पान: पाळी, साइज, स्क्रूचा आरपीएम, हॉल-ऑफचा वेग, मीटरमागे वजन, काय बिघडलं, काय फिरवलं, मग काय झालं. 'आज मशीन पाहिली' असं लिहिलेल्या डायरीला कॉलेजात मार्क मिळतील, कारखान्यात नाही.

प्रेषक: नाना

आबा, ताई, भावाला सगळं पाठवलं. तो विचारतो, कारखाना ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणतोय, देऊ का? आणि वर्षानंतर नोकरी पक्की ना?

प्रेषक: ताई

ओरिजिनल फक्त दाखवायच्या, झेरॉक्स द्यायच्या. नोकरीचं म्हणाल तर करारात तसं लिहिलं नसेल तर कायद्याने कारखान्यावर बंधन नाही. म्हणून दहाव्या महिन्यापासून दुसरीकडे अर्ज सुरू. आणखी एक: कॉलेज संपलं की एसटीचा विद्यार्थी पास बंद होतो. पारोळ्याहून रोज येण्यापेक्षा एमआयडीसीजवळ खोली परवडते का, हा हिशोब विद्यावेतनाच्या आकड्यावर आत्ताच करा.

प्रेषक: आबा

शनिवारच्या कॉलला पोराला बसवा नाना, आपल्या रात्री, त्याच्या सकाळी, पाळी सुटल्यावर. डायरीची पहिली पाच पानं फोटो काढून आधी पाठवायची. आठही खुणांचे आकडे हवेत, सरासरी चालणार नाही.