चर्चमध्ये शिकवणारा माणूस इतका कसा घसरतो?

प्रश्न: वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिकॉम कंपनीचे प्रमुख बर्नार्ड एबर्स मिसिसिपीतल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये संडे स्कूल (रविवारचे बायबलचे वर्ग) घ्यायचे आणि तिकडे कंपनीत ११ अब्ज डॉलरचा हिशेबातला घोटाळा, २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. मग श्रद्धा खोटीच होती का? मला खरंच सुटत नाहीये हे.

प्रतिसाद: खोटीच असेल असं नाही वाटत मला. बायबलमधला उज्जीया राजा बघा ना, २ इतिहास या पुस्तकाचा अध्याय २६, देवाला शरण होता तोवर भरभराट, बळकट झाला तसं मन गर्वाने फुगलं आणि सरळ मंदिरात धूप जाळायला घुसला, जे फक्त याजकांचं (मंदिरातल्या पुरोहितांचं) काम. याजकांनी अडवलं तर त्यांच्यावरच संतापला. ते संतापणंच खरं लक्षण, नियम आपल्यासाठी नाहीतच असं वाटायला लागतं.

प्रतिसाद: सहमत, पण कर्जपण बघा. एबर्सनी शेअर तारण ठेवून कर्ज काढलेलं, भाव पडायला लागला तर बोर्डानेच कंपनीतून ४० कोटी डॉलरच्या आसपास मदत दिली! बायबलमधल्या दावीद राजाला त्याचं पाप तोंडावर सुनावणारा नाथान संदेष्टा तरी होता. इथे २००२ मध्ये कंपनीतल्याच सिंथिया कूपरच्या इंटर्नल ऑडिट टीमने घोटाळा खोदून काढला तेव्हा कळलं.

प्रश्नकर्ता: म्हणजे मोठ्या देणगीदारालाही पास्टरांनी धंद्याबद्दल विचारायला हवं. आमच्याकडे तर त्यांना पहिली रांग मिळते, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अध्याय २ मध्ये नेमकं हेच करू नका म्हटलंय.