ग्लॉस्टर कॅथेड्रलमधली मैफल: खांब, घुमारा आणि बसायची जागा

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, मैफल ऐकायला जायचं म्हटलं की दोन मुद्दे निघतात: खांबांपलीकडच्या बाजूच्या मार्गिकेतलं स्वस्त तिकीट चालेल का, आणि कॅथेड्रलमध्ये सगळं घुमतं म्हणून वाद्यवृंद तिथे ऐकूच नये, असं काहींचं म्हणणं.

आधी तिकिटाचं. ग्लॉस्टरच्या मधल्या दालनाचे नॉर्मन (मध्ययुगीन दगडी शैलीचे) खांब गोल आणि प्रचंड जाड आहेत. बाजूला बसलात की कंडक्टर (वाद्यवृंदाचा संचालक) दिसत नाहीच, शिवाय व्हायोलिनचा थेट आवाजही अडतो. खर्ज खांबाला वळसा घालून येतो, तार स्वर येत नाहीत. दोन पैसे जास्त पडले तरी मध्येच बसा, शक्यतो पुढच्या तिसऱ्या हिश्शात.

घुमाऱ्याचं मात्र पटत नाही. द्रुत, गुंतागुंतीच्या जागा तिथे कालवल्या जातात, हे खरं. पण इंग्लिश संगीतकार वॉन विल्यम्सची 'फँटेसिया' ही रचना, सोळाव्या शतकातल्या टॅलिस या संगीतकाराच्या धुनेवरची, ६ सप्टेंबर १९१० ला थ्री क्वायर्स या संगीत महोत्सवात इथेच पहिल्यांदा वाजली. मोठा तंतुवाद्यवृंद, त्याच्यापासून शक्यतो दूर बसवायचा ९ वादकांचा छोटा वृंद, शिवाय चौघांचे एकल वादन. छोट्या वृंदाने सोडलेला स्वर दगडी छताखाली विरत जातो, तेवढी वाट पाहून मोठा वृंद पुढचा उचलतो. कोरड्या सभागृहात ही जागा निम्मी हरवते.

गायकांची अडचण वेगळी. साथीचा ऑर्गन (चर्चमधलं नळ्यांचं मोठं वाद्य) ३४ मीटर दूर असेल तर आवाज ०.१ सेकंद उशिरा पोचतो, म्हणून कानावर नाही, कंडक्टरच्या हातावर जायचं. शब्दाअखेरचा 'स' सगळ्यांनी एकाच क्षणी सोडायचा, नाहीतर नुसता फुत्कार ऐकू येतो. आणि उन्हाळ्यात ऑर्गनचा सूर तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. ऐनवेळी तो उतरवता येत नाही, वाद्यवृंदालाच त्याला जुळवून घ्यावं लागतं.