मदत हवी आहे: माहितीपट शिकणाऱ्या मुलांना संकलनाचे (एडिटिंगचे) मार्गदर्शक

नमस्कार मंडळी. बीड-धाराशिवकडची नवखी मुलंमुली ऊसतोड कामगारांवर माहितीपट करताहेत. कॅमेऱ्याचं आम्ही शिकवतो: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. फडातला वारा माइकवर आदळला की तो आवाज नंतर नीट निघत नाही, म्हणून माइकला केसाळ टोपी हवीच. शिवाय प्रत्येक जागेचा, कुणी न बोलता, ३० सेकंद नुसता आवाज रेकॉर्ड करायचा.

अडतं ते संकलनात. मुलाखती ढीगभर, पण कोयता, मोळी, बैलगाडी यांची जवळून घेतलेली दृश्यं अपुरी; मग बोलणं जिथे कापलं तिथे वर टाकायला दृश्य नसतं आणि प्रत्येक कट उघडा पडतो. हे शूटिंग चालू असतानाच कुणीतरी सांगायला हवं, कामगारांच्या टोळ्या गावी परतल्यावर नव्हे.

दर पंधरवड्याला कच्चा कट बघून टाइमकोडसह (नेमक्या मिनिट-सेकंदासह) शेरे देणारं कुणी आहे का? संभाजीनगर, लातूर, नांदेडचं असेल तर फारच बरं. मानधन देऊ.